मुलांच्या हातांतलें काम

मराठींत एक जुनी म्हण आहे : वेड पांघरून पेडगांवास जाणें. सर्व कांहीं समजत असून न समजल्यासारखें करणाऱ्या माणसाला ही म्हण लावतात. म्हणींतलें पेडगांव भीमेच्या कांठचें, अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीगोंद्याच्या बाजूचें, असें मानण्याची प्रथा आहे. परंतु महाराष्ट्रांत पेडगांव एकच नाहीं. परभणीहून मानवत रोडच्या दिशेनें आगगाडी निघाली म्हणजे वाटेंत आणखी एक पेडगांव लागतें. आजच्या भाषणाचा विषय मुलांच्या घरगुती उद्योगांचा आहे, आणि त्यासाठीं या दुसऱ्या पेडगांवीं जावयाचें आहे. मात्र वेड पांघरून न जातां डोळे उघडे ठेवून जावयाचें आहे.

ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांत पसारा आहे, ही तक्रार आजची नव्हे. पण या तक्रारींतील एक गंमत सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बाप हिशेबाच्या वह्या पसरून बसला तर तें काम ठरतें. आई धान्य निवडावयास बसली आणि खोलीभर सुपें, चाळण्या व डबे मांडले गेले तर तेंहि कामच असतें. परंतु मुलानें चार काड्या, दोन चिंध्या, एक दोरा आणि रिकामी आगपेटी एवढेंच मांडलें कीं तो मात्र पसारा होतो. वस्तुतः तिघांच्याहि मनांत कांहींतरी पुरें करावयाचें आहे आणि तिघेहि आपापल्या परीनें गढून गेलेले आहेत. फरक इतकाच कीं पहिल्या दोघांना मधेंच उठवतांना घरांतील माणूस थोडा विचार करतो. तिसऱ्याला उठवतांना तो विचार कोणाला सुचत नाहीं.

परभणीच्या पेडगांवांतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. हें घर कोणा एकाचें नव्हे. तेथें आणि त्या भोंवतालच्या गांवांत अशीं घरें कितीतरी सांपडतील. भोंवतीं काळी कसदार जमीन, तींत कापूस, तूर, सोयाबीन आणि हिवाळ्यांत ज्वारी. गांवाजवळून लोहमार्ग जातो. निजामाच्या राजवटींत, एकोणिसावें शतक सरून विसावें लागण्याच्या सुमारास, मनमाडपासून सिकंदराबादकडे जाणारा हा मार्ग झाला. तो प्रथम अरुंद रुळांचा होता, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तो रुंद रुळांचा झाला. त्या घरांत आजी आहे, आई आहे, वडील आहेत, अकरा वर्षांची मुलगी आहे, नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि दीड वर्षाचें एक तान्हें आहे.

श्रावण सरत आला आहे. उद्यां अमावास्या, म्हणजे पोळा. गोठ्यांत बैलांची खांदमळणी चालली आहे. घरांत पुजावयास मातीची बैलजोडी पाहिजे. ती बाजारांतहि मिळते. पण या मुलीनें यंदां ती आपण करावयाचें मनावर घेतलें आहे. गेल्या वर्षीं तिनें शेतांतली काळी माती आणून बैल केला होता. ओला असतांना तो मोठा देखणा दिसला. वाळतां वाळतां त्याच्या पाठीवर भेगा पडल्या आणि एक पाय गळून पडला. काळ्या मातीचा हा स्वभावच आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे आक्रसते. उन्हाळ्यांत ज्या भेगांत माणसाचा हात जातो, त्याच भेगा लहान प्रमाणांत त्या बैलाच्या पाठीवर उमटल्या. मुलीला हें शास्त्र कोणीं सांगितलें नव्हतें. तिनें आजीला विचारलें, आजीनें माळवदावर टाकावयाच्या पांढऱ्या मातीची आठवण करून दिली, आणि थोडा भुसा व शेण मिसळावयास सांगितलें. घराच्या भिंती ज्या युक्तीनें पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या, तीच युक्ति बैलाच्या पोटीं आली. दोन दिवस मुलगी माती भिजवीत, तुडवीत, चाळीत होती. पहिला लहान गोळा तिनें वाळवून पाहिला. त्याला भेग पडली नाहीं, तेव्हां कोठें तिनें बैल घडवावयास घेतला.

इकडे तिच्या भावाचा निराळाच कारखाना चालला आहे. कडब्याच्या गंजींतून त्यानें ज्वारीचे चांगले जाड धांडे निवडून आणले आहेत. धांड्याची साल काढली कीं आंत पांढरा, मऊ, हलका गाभा निघतो. त्याचे तुकडे करावे, सालीच्या चिमट्याएवढ्या काड्या करून त्या तुकड्यांत टोंचाव्या, आणि एकाला एक जोडीत जावें. खिळा नाहीं, डिंक नाहीं, आणि तरीहि गाडी उभी राहते. पूर्वीं अशा गाडीला बैल जोडीत. या मुलानें तिची आगगाडी केली आहे. गांवाजवळून जाणाऱ्या गाडीचे डबे तो मोजून आला आहे आणि तितके डबे करावयाचे त्याच्या मनांत आहे. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. गेल्या कांहीं दशकांत मराठवाड्यांत पावसाळी ज्वारीची जागा सोयाबीननें मोठ्या प्रमाणावर घेतली. सोयाबीनच्या काडाची गाडी होत नाहीं. पिकाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या वहींत हें नुकसान कोठेंच लिहिलेलें नसेल. परंतु मुलांच्या जगांत तें नुकसान आहेच.

आतां संध्याकाळ झाली आहे. आई दिवसभर खुरपणी करून शेतांतून परत आली आहे. तिच्या कमरेंत कळ आहे, चूल पेटवावयाची आहे, उद्यांच्या पुरणाची डाळ निवडावयाची आहे, आणि तान्हें रडत आहे. ती ओसरीवरून हांक मारते.

“काय करायलीस गं? पोरगं रडायलंय, घे त्याला.”

“माय, एवढं एक शिंग लावते अन् घेते.”

“शिंग काय कुठं पळून चाललं का?”

मुलगी उठते, हात धुते, भावाला कडेवर घेते आणि अंगणांत फेऱ्या घालूं लागते. नऊ वर्षांचा मुलगा आपल्या सातव्या डब्याला चाक लावीत तेथेंच बसलेला असतो. त्याला हांक गेलेली नाहीं. ती त्याला जाईल हें कोणाच्या मनांतहि आलेलें नाहीं. आईच्या नाहीं, आजीच्या नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्या मुलीच्याहि नाहीं.

शिंग पळून गेलें नाहीं, हें खरें. पण माती थांबली नाहीं. मूल निजेपर्यंत तास-दीड तास गेला. तोंवर बैलाचें डोकें वरून सुकलें होतें. सुकलेल्या मातीला ओली माती नीट धरत नाहीं. कारण ओली माती पुढें वाळतांना आक्रसते आणि वाळलेली जागची हालत नाहीं, त्यामुळें सांध्यावर भेग पडते. मुलीनें रात्रीं दिव्याच्या उजेडांत शिंग लावलें आणि सकाळीं तें पाटावर गळून पडलें होतें. पूजा झाली, बैलाला हळदकुंकू लागलें, नैवेद्य दाखविला गेला. बैलाला एकच शिंग आहे हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, किंवा आलें असेल तर कोणी बोललें नाहीं. मुलगीहि बोलली नाहीं. भावाची आगगाडी मात्र अखेरच्या डब्यापर्यंत पुरी झाली आणि कोनाड्यांत जाऊन बसली. पाहुण्यांनीं तिचें कौतुक केलें.

श्रोतेहो, या घरांत कोणी दुष्ट नाहीं. त्या आईला दोष देणें सोपें आहे आणि अन्यायाचें आहे. ती स्वतः अकरा वर्षांची असतांना तिलाहि अशीच हांक आली होती, आणि तिच्या हातांतून काय सुटून पडलें याची आठवणहि आतां तिला राहिलेली नाहीं. प्रश्न दोषाचा नसून ओळखण्याचा आहे. मुलाच्या हातीं जें असतें तें काम आहे हें ओळखावयाचें, आणि तें अर्ध्यावर कोणाचें मोडतें हेंहि ओळखावयाचें. या दोन गोष्टी ओळखल्या तर पुढचें पुष्कळसें आपोआप सुचतें.

पहिली गोष्ट जगाला पटवून देण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांत मारिया माँटेसोरी यांचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तींत १९०७ सालीं त्यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें त्यांनीं पाहिलेला एक प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेवला आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यांतील भोंकांत लहानमोठ्या गोल दट्ट्या बसवीत होती. सर्व बसविल्या कीं काढी आणि पुन्हां बसवूं लागे. बाईंनीं इतर मुलांना भोंवतीं गाणें म्हणावयास लावलें. मुलीचें लक्ष ढळलें नाहीं. त्यांनीं तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलें. तिनें ठोकळा मांडीवर सांभाळला आणि काम पुढें चालू केलें. चाळीसांहून अधिक वेळां तोच उद्योग करून झाल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि गाढ झोंपेंतून जागें होऊन प्रसन्न व्हावें तशी इकडे तिकडे पाहूं लागली. तिला कोणीं थांबविलें नव्हतें. तिचें काम पुरें झालें होतें. मूल थकतें तें कामानें थकत नाहीं, काम तुटण्यानें थकतें, हा या प्रसंगाचा अर्थ आहे. संध्याकाळीं विनाकारण किरकिर करणाऱ्या कित्येक मुलांचा दिवस आठवून पाहिला तर तो दिवस दहा ठिकाणीं तुटलेला आढळेल.

परंतु रोममधील बालगृहांत त्या मुलीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ नव्हता. ही दुसरी गोष्ट ज्यांनीं ओळखली त्या आपल्याच महाराष्ट्रांतल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचें नांव बालशिक्षणाच्या संबंधांत आदरानें घेतलें जातें; पण त्यांच्या कामांतील जो भाग घराशीं निगडित आहे तो बहुधा विसरला जातो. भावनगरला गिजुभाई बधेका यांनीं १९२० मध्यें बालमंदिर काढलें. पुढें ताराबाई त्यांच्या कामांत सामील झाल्या. १९३६ मध्यें त्यांनीं मुंबईस दादरला शिशुविहार सुरू केला. शहरांतल्या सुशिक्षित घरांत मुलांच्या हातांना काम देण्याची दृष्टि त्यामुळें पोंचूं लागली. येथवर येऊन एखादें माणूस समाधान मानून राहिलें असतें. ताराबाई राहिल्या नाहींत. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्यें, त्या ठाणें जिल्ह्यांतील, आतांच्या पालघर जिल्ह्यांतील, बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या.

तेथें पहिली अडचण साधनांची. परदेशी पद्धतीचीं महाग साधनें खेड्यांत परवडणार नव्हतीं. तेव्हां शंख-शिंपले, बिया, गोटे, पानें, काड्या, माती यांचींच साधनें झालीं. दुसरी अडचण अशी कीं गरिबांच्या वस्तींतलीं मुलें शाळेंत येतच ना. तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली, आणि अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. १९७५ सालीं २ ऑक्टोबरला भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढें देशभर गांवोगांवीं ज्या अंगणवाड्या झाल्या, त्यांच्या नांवामागें बोर्डीचें हें अंगण आहे.

तिसरी अडचण मात्र सर्वांत बोलकी होती. १९५७ मध्यें हें काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. भोंवतीं वारली आदिवासींची वस्ती. तेथें थोरलीं मुलें शाळेंत येऊं शकत नसत, कारण कांहींना गुरें चारावयाचीं असत आणि कांहींना, विशेषतः मुलींना, धाकटीं भावंडें सांभाळावयाचीं असत. यावर दोन उपदेश करतां आले असते. आईबापांना सांगतां आलें असतें कीं मुलांना कामाला लावूं नका. आणि मुलांना सांगतां आलें असतें कीं नेमानें शाळेंत या. दोन्ही उपदेश फुकट गेले असते, कारण गुरांना चरावेंच लागतें आणि तान्ह्याला कोणीतरी घ्यावेंच लागतें. ताराबाई आणि अनुताई यांनीं उपदेश केला नाहीं. जेथें गुरें चरत त्या कुरणांतच त्यांनीं शाळा नेली; तिला कुरणशाळा म्हणूं लागले. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा अशीं तिन्ही एकाच आवारांत आणून त्यांनीं विकासवाडी उभी केली. मुलगी भावाला कडेवर घेऊन आली तरी हरकत नाहीं. तान्हा पाळणाघरांत राही, मधला बालवाडींत जाई, आणि थोरलीचे हात मोकळे होत. थोरलीला लिहितां यावें म्हणून आधीं धाकट्याची सोय लावावी लागते, एवढी साधी गोष्ट त्यांनीं पाहिली आणि तिच्यावर एक संस्था उभारली. ताराबाई १९७३ मध्यें निवर्तल्या, अनुताई १९९२ मध्यें. पण त्यांनीं पाहिलेली ती मुलगी अजून घरोघर अंगणांत फेऱ्या घालीत आहे.

आतां शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला वाटेल कीं हें सर्व खेड्यासंबंधानें झालें. आमच्या घरीं मुलीला भावंड सांभाळावें लागत नाहीं, तिला मुलासारखेंच वागवितात. तें खरें असेल तर आनंदच आहे. तरीहि त्या घरांत एकदां घड्याळ लावून बसावें. मूल कागदाचें घर करावयास बसलें कीं शिकवणीची वेळ होते. शिकवणी संपते तों चित्रकलेचा वर्ग, चित्रकलेनंतर पोहणें, पोहण्यानंतर तबला. चित्रकलेच्या वर्गास वेळेवर पोंचावें म्हणून घरीं चाललेलें चित्र अर्ध्यावर टाकावयास लावणारे आईबाप आहेत, आणि त्यांना त्यांत कांहीं विसंगत वाटत नाहीं. खेड्यांत हांक येते ती कामासाठीं येते. शहरांत ती प्रगतीसाठीं येते. मुलाच्या हातांतील काम दोन्हीकडे तुटतें. त्यांतून एखादा तास रिकामा उरलाच तर मूल गप्प राहावें म्हणून त्याच्या हातीं मोबाईल दिला जातो. म्हणींतल्या पेडगांवास जाण्याचा इतका सुखाचा रस्ता पूर्वींच्या आईबापांना उपलब्ध नव्हता. मूल कशांत गुंतलें आहे हें मग पाहावेंच लागत नाहीं.

मोठ्या माणसांच्या आणि मुलांच्या उद्योगांत भिंत असलीच पाहिजे असेंहि नाहीं. दादासाहेब फाळके यांचें घर आठवावें. मडक्यांत वाटाणा पेरून त्याचा अंकूर कसा वाढतो याचीं चित्रें ते दिवसचे दिवस नेमानें एकामागून एक घेत राहिले आणि त्यांतून एक छोटा चित्रपट झाला. शेजाऱ्यांना तो पोरखेळच वाटला असला पाहिजे. पुढें ३ मे १९१३ रोजीं मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, तेव्हां त्यांत रोहिदासाचें काम त्यांचा मुलगा भालचंद्र यानें केलें होतें. १९१९ मधील ‘कालियामर्दन’ चित्रपटांत त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. आणि या सर्व उद्योगाचा भार सरस्वतीबाईंनीं वाहिला. दागिने गहाण पडूं दिले, मंडळींचा स्वयंपाक केला, आणि चित्रफितीला भोंकें पाडण्यापासून रसायनें तयार करण्यापर्यंतचीं कामें शिकून घेतलीं. त्या घरांतलीं मुलें कोपऱ्यांत बसून खेळत नव्हतीं, तीं घराच्या कामांतच होतीं. मात्र एवढें विसरूं नये कीं तेथेंहि चुलीपुढचें काम एका व्यक्तीनें उचललें होतें, म्हणूनच बाकीच्यांचे हात मोकळे होते.

दुसरें घर दीनानाथ मंगेशकर यांचें. लताबाईंनीं मुलाखतींतून सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. दीनानाथ एका शिष्याला गाणें शिकवीत होते. मधेंच ते कांहीं कामासाठीं बाहेर गेले. शिष्य चुकीचें गाऊं लागला, तेव्हां चार-पांच वर्षांची लता त्याच्याजवळ गेली आणि तें गाणें असें नाहीं असें आहे म्हणून स्वतः गाऊन दाखवूं लागली. दीनानाथ परत आले ते दाराशींच थांबले आणि त्यांनीं ऐकून घेतलें. आपल्या घरांतच गवई आहे हें त्यांना त्या दिवशीं कळलें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांनीं मुलीची तालीम सुरू केली. पुढें एप्रिल १९४२ मध्यें दीनानाथ वारले, आणि वयाच्या तेराव्या वर्षीं त्या मुलीला घर सांभाळण्यासाठीं कमवावयास बाहेर पडावें लागलें. तेव्हां बापानें दिलेली हीच शिदोरी तिच्या जवळ होती. प्रत्येक घरांत लता जन्मत नाहीं, हें कोणीं सांगावयास नको. परंतु दाराशीं क्षणभर थांबणें प्रत्येक बापाला शक्य आहे. ‘मोठ्यांच्या मधें तोंड घालूं नको’ असें म्हणून त्या मुलीला आंत पाठविणें दीनानाथांनाहि शक्य होतें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो परभणी जिल्ह्यांतच गोदावरीच्या कांठीं उभा आहे. गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. लहानपणींच त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरीं दासी म्हणून आल्या, आणि दळणकांडण, झाडलोट, शेणी वेंचणें हीं कामें करतां करतां त्यांनीं अभंग रचले. तेव्हां घरकाम हें प्रतिभेच्या आड येत नाहीं, जनाबाईंनीं जात्यावरच काव्य केलें, असें कोणी म्हणेल. मुलीला हांक मारणाऱ्यांना हा दाखला मोठा सोयीचा आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो. जात्यावर हात गुंतलेले असतात, मन आणि कंठ मोकळे असतात, म्हणून तेथें ओवी फुलते. रडतें मूल कडेवर असतांना मनहि गुंतलेलें असतें. आणि दुसरें असें कीं परंपरा जनाबाईंच्या दळणाची जी गोष्ट सांगते ती एकटीनें दळल्याची नाहीं. जनाबाई दळावयास बसल्या म्हणजे साक्षात् विठ्ठल येऊन त्यांना दळूं लागे, असें ती सांगते. लोकांनीं ही गोष्ट सात शतकें जपली, ती चमत्कार म्हणून जपली असेल. पण तिच्यांत एक साधी अपेक्षाहि आहे. जिच्या मनांत कांहीं फुलत आहे तिच्या जात्याला दुसऱ्या कोणीतरी हात लावला पाहिजे. माणसांपैकीं कोणी तो लावीत नव्हतें, म्हणून लोकांना देवाला बोलवावें लागलें.

मग घरानें करावयाचें तरी काय? फार मोठें कांहीं नाहीं. मुलाला एक कोपरा द्यावा, आणि तेथील मांडलेलें काम रात्रभर तसेंच राहील एवढी हमी द्यावी. केर काढणाऱ्याचा झाडू तेथें विचारल्याशिवाय जाऊं नये. हांक मारावयाची असेल तर थोडी आधीं मारावी. ‘ऊठ’ म्हणण्याऐवजीं ‘हें एवढें झालें कीं ये’ म्हणण्यानें चूल विझत नाहीं. मुलाचें अडलेलें काम आपण पुरें करून देऊं नये. त्यानें विचारलें तर आजीनें पांढरी माती सुचविली तितकेंच सुचवावें. झालेल्या वस्तूची पाहुण्यांपुढें भरमसाट स्तुति करण्यापेक्षां ‘हें कसें केलेंस’ असें खरोखर जाणून घेण्यासाठीं विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हांक मारण्यापूर्वीं एकदां सर्व मुलांकडे पाहून घ्यावें. रोज एकाच मुलाचें काम मोडत असेल, आणि तें मूल नेहमीं मुलगीच असेल, तर तो योगायोग नाहीं हें कबूल करावें. रडतें तान्हें नऊ वर्षांच्या मुलालाहि घेतां येतें. वडिलांना तर निश्चितच घेतां येतें.

पेडगांवच्या त्या घरांत पुन्हां श्रावण सरत आला आहे, असें समजूं या. मुलगी आतां बारा वर्षांची झाली आहे. यंदांहि तिनें माती भिजविली आहे, यंदांहि बैलाचें शिंग राहिलें आहे, आणि यंदांहि आई दमून आली आहे. तान्हें आतां अडीच वर्षांचें आहे, तें पूर्वींपेक्षां मोठ्यानें रडतें. आई हांक मारावयास तोंड उघडते आणि ओसरीच्या कडेशीं थांबते. गेल्या पोळ्याला पाटावर गळून पडलेलें शिंग तिनें पाहिलें होतें. ती बोलली नव्हती, एवढेंच. आतां ती मुलाला म्हणते, “ठेव ती गाडी घडीभर, अन् घे याला. गाडी काय सुकत नाही.” मुलगा कुरकुरत उठतो. मग मुलीकडे वळून ती म्हणते, “अंधार पडंपर्यंत नाहीच झालं, तर ओलं फडकं घाल त्याच्यावर माय. सकाळी मऊच राहतं.”

ओल्या फडक्याची ही युक्ति आईला कोठून ठाऊक, असें त्या मुलीला क्षणभर वाटतें. ती कांहीं विचारीत नाहीं. ती शिंगाला पाण्याचा हात लावते आणि कामाला लागते.